वारा लागू नये म्हणून

मंगळवारी सकाळी आठला तो यायचा,
काखेत डबा, डब्याभोवती लोकरी मफलर,
जणू दवाखान्यातून तान्हं मूल घरी नेतोय.
बाहेर उणे सतरा. नदी गोठलेली.
"गरम आहे अजून," एंडेल म्हणायचा,
लाजायचा नाही.
एकोणऐंशीव्या वर्षी माणूस आपल्या पोटाबद्दल
हवामानाबद्दल बोलावं तसं बोलतो.

कागदावर तो दाता क्रमांक एकवीस.
मला नाव ठाऊक असायला नको होतं,
पण तार्तू काही एवढं मोठं गाव नाही,
आणि मध मी त्याच्या बायकोकडूनच घेते.

आमचं काम म्हणजे
आपला जो प्राण, तो ज्यांचं विष,
त्यांना जपणं.
कुणाचा नुसता उसासा लागला तरी मरतात.
म्हणून हा प्लास्टिकचा तंबू, नायट्रोजनने फुगवलेला,
आणि भिंतीतून आत लोंबणारे दोन रबरी हात.
त्यांत मी माझे हात घालते, कोपरापर्यंत.
जिथे मला कधीच जाता येणार नाही
तिथे माझी बोटं नोकरी करतात.

नळीत एक रंग असतो, राखणदार.
हवा नसली की तो नसल्यासारखा,
शिरली की गुलाबी.
तेरा वर्षं झाली, मी गुलाबी काही विकत घेतलेलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते.
खवट लोण्याचा वास, केसांत मुरलेला.
आमचा लेम्बित म्हणतो, नाक मुरडू नका,
हेच तर भाडं. आतड्याचं अस्तर याच्यावरच पोसतं.
बोलायला त्याचं काय जातं, तो गाडीने येतो.

एंडेलच्या डब्यातला एक जीव
कशानेच वाढत नव्हता.
राय धान्याचा कोंडा दिला, मेंढीच्या पोटातला रस दिला,
आंबवलेल्या कोबीचं पाणी दिलं, तेही त्याच्याच घरचं.
काही नाही. स्वच्छ काच.
मग कंटाळून म्हणा, चुकून म्हणा,
त्याच बशीत, बोटभर अंतरावर,
त्याच पोटातली दुसरी एक जात ठेवली.
अकराव्या दिवशी कडेला ठिपका.
टाचणीचं डोकंसुद्धा मोठं वाटेल इतका.
एकट्याने नाहीच. शेजार हवा होता.

फेब्रुवारीत एका रात्री मी आत आले
आणि सगळा तंबू पहाटेसारखा.
हातमोज्याच्या बोटाला भोक, माझ्या अंगठीचं.
एकवीस नळ्यांतली एक वाचली,
सर्वांत मागची, बूच घट्ट असलेली.
लेम्बित ओरडला नाही, त्याचंच वाईट वाटलं.
तेव्हापासून अंगठी कपाटात, किल्ल्यांच्या वाटीत.

त्याच आठवड्यात एंडेलला न्युमोनिया.
नसेतून औषधं, एकाहून एक जालीम.
जंतू मारायला सोडलेली ती,
घरचे कोण अन् बाहेरचे कोण,
कशाला विचारतील?
म्हणजे शेवटी शेवटी
तो स्वतःच्या पोटात
इथल्यापेक्षा कमी उरला होता.
हे मी अहवालात लिहिलं नाही.

मार्चमध्ये, मंगळवारी, आठला,
दारात लाइने. हातात रिकामा, घासूनपुसून लख्ख डबा.
"हा परत द्यायचा असतो ना?"
नसतो. मी घेतला.

मग तिला बशी दाखवली, प्लास्टिकमधून.
नियमात बसत नाही, पण दाखवली.
"मला तर काही दिसत नाही."
कडेला बघा, दिव्याच्या बाजूला.
बराच वेळ बघून म्हणाली,
"खिडकी उघडू द्यायचा नाही कधी.
वारा येतो म्हणायचा.
बावन्न वर्षं आमचं तेवढंच भांडण."

हात घालून बघू का, तिने विचारलं.
अंगठी काढा, मी म्हटलं.
तिने ओढली, साबण लावला, पुन्हा ओढली.
सांध्यापाशी अडली ती अडलीच.

मग तशीच उभी राहिली,
दोन्ही हात मागे बांधून,
तोंडावर मफलर ओढून,
आणि मध्ये जाड प्लास्टिक असूनही
श्वास रोखून.